पिवळी लेन्स आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

स्लिट लॅम्पमध्ये (डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपमध्ये) तिचा डोळा पाहिला आणि आधी दिसली ती तपकिरी ठिपक्यांची छापील नक्षी. ऑनलाइन मागवलेल्या ‘हेझेल’ रंगाच्या लेन्स. लग्नसराईत अशा डोळ्यांच्या करवल्या माझ्याकडे कुडाळात पुष्कळ येतात, पण हे ऐन जुलैतलं प्रकरण होतं आणि ही मुलगी कुठल्या लग्नाला निघालेली नव्हती. दहा मीटर एअर रायफल खेळणारी, बारीक भोकातून नेम धरायच्या पीप साइटवाली. सोबत तिचे कोच आणि वडील. परदेशातले नेमबाज पिवळ्या लेन्स लावतात, त्यानं टार्गेट उठून दिसतं, असं कोचनी कुठंतरी ऐकलेलं. मुलीनं ते मनावर घेतलं आणि ज्या मिळाल्या त्या रंगीत लेन्स मागवून मोकळी झाली.

“मग, पिवळं दिसतं का काही?” मी विचारलं.

“नाही सर. उलट टार्गेटच्या ब्लॅकच्या कडेला धूर आल्यासारखा वाटतो.”

दिसणार कुठून? कॉस्मेटिक लेन्समधला रंग बघणाऱ्यांसाठी असतो, लावणाऱ्यासाठी नसतोच. नक्षी कडेच्या गोलावर, मधे बाहुलीपुढची जागा स्वच्छ. उजेडात बाहुली लहान असते तोवर सगळं ठीक. अंधाऱ्या हॉलमध्ये बाहुली पसरली की ती नक्षी वाटेत येते, आणि साइटशिवाय बघताना तरी धूर दिसतो. त्यात तिचा नंबर होता −2.75, सिलिंडर (उभ्या-आडव्या दिशांच्या नंबरांतला फरक) −1.00, ॲक्सिस (त्या फरकाची दिशा) 180. डबीवर लिहिलेलं −3.25. म्हणजे सिलिंडर असल्या साध्या लेन्समध्ये बसत नाही म्हणून कुणीतरी सरासरी काढून दिलेली. चालायला, फिरायला, मोबाइल बघायला ती सरासरी पुरते. वर्तुळात वर्तुळ बसवणाऱ्याला पुरत नाही.

वडील इतका वेळ दाराशी छत्री निथळत उभे होते. ते पुढे झाले. “डॉक्टरांनू, चेडवाचे डोळे बिघडतले नाय मां?” (मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पण आमच्याकडे चष्म्याचा नंबर काढणारा प्रत्येक जण डॉक्टरच.) मी मुलीला डबी दाखवायला सांगितली. झाकणाच्या आतल्या बाजूला काळपट बुरशी धरलेली. डबी कशानं धुतेस, तर विहिरीच्या पाण्यानं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ मी ह्याच विषयावर बोललो असेन. विहिरीचं काय किंवा नळाचं काय, कुठलंही पाणी लेन्सला लागता कामा नये. त्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव कॉर्नियात (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात) शिरला तर औषधं महिनोन् महिने चालतात आणि तरी डाग राहू शकतो. पावसाळ्यात बुरशीची भीती वेगळी. डबी तिथंच कचऱ्यात टाकली. वडिलांचा चेहरा बघून मला वाटलं, आता नेमबाजीही कचऱ्यात जाणार. पण त्यांच्या घरात शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, वानर हाकायला आजोबा अजून ती काढतात, त्यामुळे नेम धरणं ह्या गोष्टीबद्दल घरात आदर. शिवाय 2024 मध्ये घाटापलीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून आमच्या बाजूच्या आईबापांनाही ही बंदूक परवडायला लागली आहे, निदान मनातून.

कोचनी ऐकलेलं अगदीच हवेतलं नव्हतं. 2005 च्या सुमारास नायकी आणि बॉश अँड लॉम्ब यांनी मिळून मॅक्ससाइट नावाच्या खेळाडूंसाठीच्या लेन्स काढल्या होत्या. एक एम्बर (पिवळसर तांबूस), वेगानं येणारा चेंडू टिपणाऱ्यांसाठी. दुसरी राखाडी-हिरवी, उन्हात गोल्फ खेळणाऱ्या, धावणाऱ्यांसाठी. त्यांचा रंग बाहुलीवरून आरपार होता, म्हणजे जग खरोखर त्या रंगाचं दिसायचं. पुढे त्या बाजारातून गेल्या. त्यामागचा विचार असा, की निळा प्रकाश डोळ्यात जास्त विखुरतो आणि पडद्याच्या जरा अलीकडेच एकवटतो. तो गाळला की प्रतिमा रेखीव होते. पिवळ्या काचेतून ढगाळ दिवशी बघा, ऊन पडल्यासारखं वाटतं. प्रकाश प्रत्यक्षात कमीच येत असतो, पण वाटतं मात्र तसं.

कोचना ते ‘वाटणं’ हवं होतं. मलाही, खरं सांगायचं तर, उत्सुकता होती. चष्मे विकून पोट भरतं. असलं काही रोज समोर येत नाही. बुबुळावर पांढरा डाग असलेल्यांसाठी सांगाल त्या रंगाच्या लेन्स करून देणारी एक लॅब मला माहीत होती. त्यांच्याकडून मी पूर्ण पिवळा टिंट दिलेली लेन्स करून घेतली, फक्त उजव्या डोळ्यासाठी, कारण नेम त्याच डोळ्यानं. त्याच नंबरची एक साधी, बिनरंगी. आणि माझ्या हट्टापायी तिसरी, बिनरंगीच, पण सिलिंडरसकट, म्हणजे टोरिक.

रविवारी त्यांच्या रेंजवर गेलो. रेंज म्हणजे काजूच्या बंद पडलेल्या कारखान्याची शेड. जांभ्याच्या भिंती, वर पत्रे. पाऊस असा कोसळत होता की शॉट सुटल्याचा आवाज येत नव्हता. पोरं कानात बोळे घालून होती ती बंदुकीसाठी की पावसासाठी, देव जाणे. मोटरवर पुढे-मागे सरकणारी कागदी टार्गेटं. एका फोटोग्राफर मित्राचं लक्समीटर मी मागून नेलं होतं. दहा मीटरच्या टार्गेटवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किमान 1500 लक्स उजेड लागतो. तिच्या लेनमध्ये हजाराच्या आसपास भरला, आणि तोही लाइट खालीवर व्हायची तसा डळमळता. कोच मीटरकडे बघत राहिले. “म्हणजे पिवळं काय, पांढरंच कमी पडतंय,” ते म्हणाले.

इथं थोडं टार्गेटबद्दल सांगायला हवं, कारण मलाही ते तिथं उभं राहिल्यावर नीट कळलं. एअर रायफलचं अख्खं टार्गेट 45.5 मिलिमीटर, त्यातला काळा भाग 30.5, आणि दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. आता 6/6 म्हणजे निर्दोष नजरेला दहा मीटरवर साधारण तीन मिलिमीटरचा तपशील सुटा दिसतो. म्हणजे ज्या ठिपक्यावर नेम धरायचा तो जगातल्या कुठल्याच नेमबाजाला दिसत नाही. तो बघतो वर्तुळं. मागच्या आयरिसचं (लहान-मोठं करता येणाऱ्या मागच्या साइटचं) भोक, पुढच्या साइटच्या टनेलमधली रिंग, रिंगेत ब्लॅक, आणि ब्लॅकभोवती पांढऱ्याची पट्टी सगळीकडून सारखी. सारखेपणा ओळखण्यात माणसाचा डोळा तपशील ओळखण्यापेक्षा कितीतरी पटाईत आहे, म्हणून हा खेळ शक्य होतो. पण त्यासाठी वर्तुळ हे वर्तुळ दिसलं पाहिजे.

आधी साधी बिनरंगी लेन्स. तिनं जॅकेट चढवलं, सायटर (सरावाचे शॉट) मारले, मग मोजायचं कार्ड. मग पिवळी. ती लावून पहिल्यांदा साइटमधून पाहिल्यावर ती हसलीच. “सर, भारी! ऊन पडलंय आत.” कोच माझ्याकडे बघून जिंकल्यासारखं हसले. रंग लपवता येत नाही ही अशा चाचणीची गोम, लावणाऱ्याला कळतंच. म्हणून मी कार्डांच्या पाठीवर खुणा करून ती कोचकडे उलटसुलट क्रमानं देत होतो, कुठली कुठल्या लेन्सची ते न सांगता.

पिवळ्याची कार्डं बिघडली. फार नाही, पण शॉटचा ग्रुप सैल झाला, म्हणजे ते जास्त पसरले, आणि कोचनी न ओळखताच ती बाजूला काढली. मुलीला पटेना. तिला तर छान दिसत होतं.

मी तिच्या मागे एका स्टुलावर बसून लेन्स डोळ्यावर सरकत्येय का ते बघत होतो. तेव्हा लक्ष गेलं तिच्या डाव्या हाताकडे. दोन-तीन शॉट झाले की ती रायफल स्टँडवर टेकवायची, पेलेट भरायची, आणि तेवढ्यात अंगठा न् तर्जनी मागच्या आयरिसच्या रिंगेवर जाऊन किंचित फिरायची. तिला पत्ताही नव्हता. मी थांबवून आकडा वाचायला सांगितला. बिनरंगी लेन्सला आयरिस 1.1 मिलिमीटरवर होती. आता 1.5.

म्हणजे पिवळ्या लेन्सनं प्रकाश अडवला, ब्लॅकभोवतीचं पांढरं तिला मळकं वाटलं, आणि हातानं आपोआप भोक मोठं करून तो परत मिळवला. पण ते भोक उजेडासाठी नसतंच मुळी. पीप साइटचं सगळं इंगित त्या बारीक भोकात आहे: त्यातून बघताना डोळ्याची बाहुली किती मोठी हे गौण ठरतं, भोक हीच बाहुली होते. ते लहान असेल तर जवळची रिंग आणि लांबचं ब्लॅक दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी रेखीव दिसतात. फार लहान केलं तर प्रकाश कडेवर वळून पुन्हा धूसर. मोठं केलं तर फोकसची खोली जाते आणि नंबरातली राहिलेली सगळी चूक आत शिरते. तिच्या बाबतीत ती चूक म्हणजे तो न भरलेला सिलिंडर.

आयरिस 1.1 ला ठेवून कोचनी त्यावर चिकटपट्टीच मारली. पुन्हा पिवळी. या वेळी कार्डं बिनरंगीसारखीच आली, मी तरी फरक सांगू शकलो नसतो. ती मात्र कुरकुरली, अंधार वाटतोय म्हणून. मघाचं ‘ऊन’ गेलं होतं.

मग टोरिक. ही लेन्स लावल्यावर घाई करून चालत नाही. डोळ्यावर ती आपली आपण फिरून ठरल्या जागी बसते. खालच्या बाजूला बारीक खूण असते, ती सहा वाजल्याच्या जागी आली की समजायचं बसली. गाल रायफलच्या दस्त्यावर टेकवून मान थोडी कलली तरी खूण हलत नाही ना, हे मी टॉर्च धरून बघितलं. हललीच तर जेमतेम. तिनं साइटमध्ये पाहिलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग रायफल खाली घेऊन कोचना म्हणाली, “सर, मला आत्तापर्यंत वरखाली पांढरं कमीच दिसायचं. मला वाटायचं तसंच असतं.”

तिचे शॉट उभ्या रेषेत पसरतात हे कोच वर्षभर बघत होते आणि श्वासाचे व्यायाम करून घेत होते. श्वासही असेल. एका पावसाळी रविवारच्या मूठभर कार्डांवरून मी काही सिद्ध केल्याचा आव आणणार नाही. पण उभ्या दिशेतली धूसर कड हे कारण असू शकतं, हे आधी कुणी तपासलंच नव्हतं. शाळेतल्या तपासणीत 6/9 वाचलं की पोर पास.

एक त्रास मात्र तिन्ही लेन्सना सारखा. नेम धरताना माणूस डोळे मिचकवायचा थांबतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी शॉटच्या वेळी गोठते, लेन्सवरचा पाण्याचा थर सुकतो, आणि शेवटच्या क्षणी सगळं धुकट होतं. त्यात त्यांनी घामासाठी मोठा पंखा लेनच्या तोंडावर लावलेला. पंखा वळवला. रायफल उचलायच्या आधी दोनदा पूर्ण पापणी मिटायची, असं ठरलं. होल्ड (नेम धरून थांबणं) लांबला तर रायफल खाली घ्यायची, शॉट ओढून मारायचा नाही. हे तर कोच आधीपासून ओरडून सांगतच होते.

“मग चष्माच का नको?” वडिलांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण साध्या चष्म्यात, गाल टेकवला की ती काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघते, आणि नंबर मधोमध काढलेला असतो. काच नेमासमोर सरकवता येईल अशा नेमबाजीच्या फ्रेम मिळतात. त्यांची किंमत ऐकून ते गप्प झाले. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, हा तिचा फायदा. रोज नवी काढून रोज फेकायची टोरिक लेन्स, फक्त प्रॅक्टिसला आणि स्पर्धेला, एवढ्यावर आम्ही आलो. डबी नाही, धुणं नाही, विहीर नाही.

आणि पिवळा रंग हवाच असेल तर तो आयरिसमध्ये घालता येतो. कोचकडच्या जुन्या जर्मन आयरिसमध्ये रंगीत फिल्टर आधीपासून होते, वापराविना. नियमानं रायफलला नंबरची काच लावता येत नाही, पण फिल्टर चालतो. ढग आले, लावला; ऊन आलं, काढला. डोळ्यात बसवलेला रंग मॅच सुरू असताना कोण काढत बसणार?

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक टार्गेटवर एलईडी फोकस लावले. मी पुन्हा मीटर नेलं. सोळाशेच्या वर भरलं.

कोचचं पिवळ्यावरचं प्रेम काही गेलेलं नाही. ते स्वतः पिस्तूलवाले, पंचेचाळिशी ओलांडलेले, त्यांना हाताच्या अंतरावरची पिस्तुलाच्या टोकाची माशीच (पुढची साइट) धूसर दिसते आणि ते दोष टार्गेटला देतात. त्यांना मी नंबरात अर्धा प्लस चढवून बघायला सांगितलंय. ओपन साइटवाल्या मुलांना घेऊन ते आता येणार आहेत. तिथं बारीक भोक नाही, बाहुली आपली आपण लहान-मोठी होणार, म्हणजे टिंटचं गणित सगळंच वेगळं. ती पिवळी लेन्स त्या मुलीच्या डोळ्याची, ती दुसऱ्याला लावता येणार नाही. ट्रायल फ्रेम आणि पिवळी काच मी पिशवीत काढून ठेवली आहे.