फाँट चांगला, तरी वाचवेना

सह्याद्रीतल्या घाटवाटांवर सातत्याने लिहिणाऱ्या एका गृहस्थांची वैयक्तिक वेबसाइट माझ्याकडे दुरुस्तीला आली. तक्रार एकच होती: संगणकावर लेख कसेबसे वाचता येतात, मोबाइलवर दोन परिच्छेदांतच डोळे दुखायला लागतात. फाँट त्यांनी बरेच बदलून पाहिले होते आणि शेवटी 'टिरो देवनागरी मराठी'वर थांबले होते. निवड उत्तम होती. लांब लेखांना शोभेल असा, छापील पुस्तकाच्या वळणाचा तो फाँट आहे आणि मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श त्यात मुळातच आहेत. तेव्हा फाँटला हात न लावता मी वर्डप्रेसच्या थीमची, म्हणजे साइटच्या तयार मांडणीची, स्टाइलशीट (अक्षरांचा आकार, अंतर, रंग ठरवणारी फाइल) उघडली.

पहिला दोष डोळ्यांसमोरच होता. शीर्षकांची शिरोरेषा अक्षरागणिक तुटली होती. थीमने शीर्षकांना ०.०८ एम लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर; एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) दिलं होतं आणि मजकुराला ०.०१ एम. रोमन कॅपिटल अक्षरांना अशी मोकळीक चांगली दिसते. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्याला टेकलेली असते, त्यामुळे अंतर वाढवलं की शब्दच फुटतो. १६ पिक्सेलच्या मजकुरात ०.०१ एम म्हणजे जेमतेम ०.१६ पिक्सेल, पण तेवढ्यानेही सांध्यांवर फिकट ठिपके उमटत होते. वाचणाऱ्याला ते वेगळे दिसत नाहीत, नुसती ओळ थरथरल्यासारखी वाटते. मजकूर, शीर्षकं, मेनू, बटणं, फोटोखालच्या ओळी, सगळीकडे लेटर-स्पेसिंग शून्य केलं. काही थीम मोठ्या शीर्षकांना उणे आकडाही देतात. त्याने काने-मात्रे एकमेकांवर चढतात, म्हणून तोही काढायचा.

दुसरा दोष ठळक अक्षरांचा. टिरोमध्ये साधा आणि तिरका असे दोनच प्रकार मिळतात, ठळक वजन (म्हणजे जाडी) नाही. थीम मात्र शीर्षकांना ७०० वजन, म्हणजे ठळक अक्षर, मागत होती, आणि लेखकाने प्रत्येक गावाचं, घाटाचं नाव ठळक केलं होतं. मागितलेलं वजन फाँटात नसलं की ब्राउझर आहे त्याच अक्षराला जाडी चढवतो. रोमनमध्ये हे कदाचित खपून जाईल. इथे क्ष, ष, ह्य, द्ध यांच्या पोटातली मोकळी जागा भरून काळे डाग दिसतात. 'सह्याद्री' हा शब्द त्या साइटवर सर्वांत जास्त वेळा आला होता आणि नेमका तोच सर्वांत वाईट दिसत होता. शीर्षकांसाठी 'मुक्ता' घेतला. मुंबईच्या 'एक टाइप'चा हा फाँट २०० ते ८०० अशा सात वजनांत मिळतो. त्यातलं ७०० तेवढं जोडलं. सातही जोडली तर मोबाइलच्या डेटावर वाचणाऱ्याला फुकटचा भुर्दंड. ब्राउझरने परस्पर जाडी किंवा तिरकेपणा आणू नये म्हणून फाँट-सिंथेसिस बंद केलं. परिच्छेदातली ठळक नावं लेखकाच्या संमतीने साधी केली.

मग ओळींमधलं अंतर. मजकुराची लाइन-हाइट (ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किती पट) १.४ होती, शीर्षकांची १.१. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार, एकाखाली एक मांडलेली जोडाक्षरं. वरच्या ओळीतल्या 'विठ्ठल'चा खालचा ठ आणि खालच्या ओळीतल्या 'मार्गी'चा रफार यांना १.४ मध्ये जागाच उरत नाही. मजकुराला १.७५ आणि शीर्षकांना १.४ ठेवलं. मुखपृष्ठावरच्या शीर्षकांचे रफार वरून कापले जात होते, कारण त्या चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते लपवा) होतं. ते काढून वर थोडी पॅडिंग (मोकळी जागा) दिली. अक्षराचा आकार १६ वरून २० पिक्सेल केला, मोबाइलवर १९. तेवढ्याच पिक्सेलमध्ये देवनागरी रोमनपेक्षा लहान भासते, कारण त्याच उंचीत वरखालची चिन्हंही मावायची असतात. फिकट करडा रंग गडद केला. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवाच.

ब्राउझर फाँटची यादी क्रमाने पाहतो; त्या यादीत आधी एक रोमन फाँट होता, नंतर टिरो. अशा वेळी अक्षरं टिरोची, पण स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं पहिल्या फाँटची येतात. मराठी परिच्छेदात ती बारीक आणि परकी दिसत होती. टिरो पहिला केला. पानाची भाषा अमेरिकन इंग्रजी अशी नोंदलेली होती, ती मराठी केली. अंध वाचकांचं स्क्रीन रीडर हीच नोंद पाहून आवाज निवडतं. 'नोटो सान्स देवनागरी'सारख्या फाँटात तर मराठी ल आणि श आतच असतात, पण भाषेची नोंद बरोबर असेल तरच बाहेर येतात.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका दोषात, आणि तो मांडणीत नव्हता, मजकुरातच होता. जुन्या साइटवरून लेख आणताना 'अदृश्य चिन्हं काढा' असा पर्याय निवडला गेला होता. मराठीतला दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर यांतला अर्धा र पुष्कळ जुन्या मजकुरात र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह मिळून लिहिलेला असतो. ते चिन्ह गेलं की अर्ध्या र चा रफार होतो. घाटवाटांच्या लेखांत जिथे तिथे 'खोल दर्या' आणि 'कातळात कोरलेल्या पायर्या' झाल्या होत्या.

सरसकट शोधा-आणि-बदला इथे चालत नाही, कारण कार्य, सूर्य, पर्याय, आचार्य यांतला रफार बरोबरच आहे. डेटाबेसची प्रत काढून ठेवली, रफार असलेल्या य आणि ह च्या सगळ्या शब्दांची वेगळी यादी काढली, आणि लेखकाने त्यातले चुकलेले शब्द खुणावले. आचार्यांना की आचाऱ्यांना, हे संदर्भ पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. अशी वाक्यं त्यांनीच वाचली. बदलताना नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरला. दिसतं तसंच, पण त्यात अदृश्य काही नाही, म्हणून पुढच्या साफसफाईत हरवायची भीती नाही.

राहिली ओळीची लांबी. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट मोबाइलवर महागात पडतो: 'गिर्यारोहणासाठीच्या' एवढा शब्द ओळीत बसला नाही की वरच्या ओळीत मोठी भोकं पडतात. डावी कडा सरळ ठेवून उजवी मोकळी सोडली. स्तंभाची कमाल रुंदी ३२ एम केली. थीममध्ये ती सीएच या एककात होती. ते रोमन शून्याच्या रुंदीवर मोजलं जातं, मराठी अक्षरांचा अंदाज त्यावरून येत नाही.

हे सगळे बदल वर्डप्रेसच्या चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसणाऱ्या वेगळ्या थीममध्ये) ठेवले, मूळ थीममध्ये ठेवले असते तर पुढच्या अपडेटला पुसले गेले असते. शिवाय एक अप्रकाशित पान करून दिलं: विठ्ठल, सह्याद्री, कर्तृत्व, उद्घाटन, ऱ्हास, दऱ्या, मूळ, शिल्लक, ॲप, ऑक्टोबर. दर अपडेटनंतर ते ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या अँड्रॉइड फोनवर उघडायचं आणि शिरोरेषा, रफार, अर्धा र आणि ल-श तपासायचे.