तुम्ही विचारलंत म्हणून: कायद्याच्या अभ्यासाला घोळका कशाला?

'कायदा पुस्तकात असतो, तो एकट्यानं वाचावा. तुम्हाला दर वेळी चार माणसं कशाला लागतात?' हा प्रश्न मला फोंड्यातले वकीलमित्रही विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत भेटलेले नातेवाईकही.

वाचायला एकटा पुरे. पण कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते मोजायला बसलं, की एकटा माणूस हमखास फसतो. २०११ साली इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांचा एक अभ्यास गाजला. कामकाजाच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर, मधली सुट्टी जवळ येईल तसे जवळपास शून्य, खाऊन आल्यावर पुन्हा ६५. उपाशी न्यायाधीश कैद्याला सोडत नाही, असा डंका जगभर पिटला गेला. त्याच वर्षी, हा अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकातच केरेन वाइनशॉल-मार्गेल आणि जॉन शापर्ड यांनी आक्षेप घेतला. तिथं काम करणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं: सुट्टीआधी एकेका तुरुंगातली प्रकरणं संपवतात आणि वकील नसलेले कैदी शेवटी येतात. त्यांचे अर्ज तसेही कमीच मंजूर होतात. भुकेची गोष्ट मात्र अजून फिरते आहे. चटकदार आहे ना!

आता गोव्याचं बघा. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि आता २०१२चा वारसा कायदा, दोन्हींत मुलगा-मुलगी समान. पण मुलीच्या हाती खरंच किती पडतं? कोर्टातली इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची, प्रकरणं मोजली, तर चित्र छान दिसेल. कारण जिनं आधीच नोटरकडे (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, ती वाटपाच्या यादीत सहसा येतच नाही. हे आकडेवारी शिकलेल्याला कसं कळणार? ते नोटरच्या टेबलाशी बसणाऱ्याला ठाऊक असतं. नोटरच्या जुन्या वह्या पोर्तुगीजमध्ये, म्हणजे ती भाषा वाचणारं जाणतं माणूस हवं. मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, दावे तर मामलेदाराकडे. दिवाणी कोर्टाच्या आकड्यांत शोधून काय मिळणार?

शिवाय आम्हा वकिलांची खोड. अशिलाची बाजू लावून धरायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे आपल्याच निष्कर्षाविरुद्ध पुरावा शोधणं जिवावर येतं. ते काम दुसऱ्यानं, आणि तेही छापून येण्याआधी केलेलं बरं.

गोवा लहान, ही वेगळीच पंचाईत. नाव खोडलं तरी वाडा आणि साल दिलं, की भाटकार (जमीनमालक) कोण ते अख्खा गाव सांगतो. काय झाकायचं, यावरही आमच्यात खडाजंगी होते.

सध्याचा वाद हक्कसोडपत्रात लिहिलेल्या मोबदल्याचा. आमच्यातली अर्थशास्त्रवाली म्हणते, नोंद आहे ती धरा. नोटरकडे वर्षानुवर्षं दस्त लिहिणारे काका नुसते हसतात. बहिणींनाच जाऊन विचारावं, असं मी म्हणतोय. पण भाऊ समोर बसलेला असताना त्या बोलतील का, यावर दोघंही माझ्या विरोधात आहेत.