तुम्ही विचारलंत म्हणून: प्रश्नावलीत पंधराच तर प्रश्न, मग ती मराठीत आणायला इतका वेळ का?

हा प्रश्न ओळखीचे डॉक्टर विचारतात आणि ओपीडीत फॉर्म भरणारे पालकही. आम्ही मराठीत आणतोय ती प्रश्नावली ऑक्सफर्डची. पाऊल किंवा घोट्याचा त्रास असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. चालणं-पळणं, शाळा आणि खेळ, मनाला काय वाटतं, शिवाय एक प्रश्न बुटांचा. सगळं मागच्या आठवड्याबद्दल, आणि उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच. एक प्रत मुलासाठी, एक पालकांसाठी.

भाषांतर त्यामानाने लवकर उरकतं. दोघं वेगवेगळं करतात, त्यातून एक प्रत ठरते, मूळ प्रश्न न पाहिलेलं कुणीतरी ती परत इंग्रजीत नेतं. वेळ जातो तो मुलांसोबत बसण्यात, आणि तो जायलाच हवा.

तिसरीतली एक मुलगी आली होती. जन्मतः क्लबफूट, म्हणजे पाऊल आत वळलेलं; ते हळूहळू सरळ करणारी पोन्सेटी पद्धतीची प्लास्टरं, मग झोपताना घालायचे पट्टीचे बूट, सगळं झालेलं. आता छान पळते. पाय कसा दिसतो याचा त्रास होतो का, या प्रश्नाला आईने ‘कधीच नाही’वर खूण केली. मुलीने ‘नेहमी’वर. का गं, विचारलं तर म्हणाली, “ही पोटरी बारीक आहे ना. पीटीला मी मोजा वर ओढून ठेवते.” आई तिच्याकडे बघतच राहिली. पळणं आईला दिसतं. हे लेकीने सांगितल्याशिवाय कळणार कसं? एक्स-रेत तर नाहीच.

पण मुलांनी सांगितलेल्याचे ० ते १०० गुण होतात आणि उपचाराचा उपयोग झाला का, हे त्यावरून ठरवायचं असतं. म्हणून पायात फरक पडलेला नसताना साधारण दोन आठवड्यांनी तेच मूल पुन्हा फॉर्म भरतं. गुण जवळपास तेच यायला हवेत. हा मेळ किमान ०.७० तरी असावा लागतो (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). १५ टक्क्यांहून जास्त मुलांना पैकीच्या पैकी मिळाले, तर त्यांची पुढची सुधारणा मोजायला जागाच उरत नाही. हे तपासल्याशिवाय फॉर्म वापरात आणणं मला मुलांवर अन्याय वाटतो.

तेव्हा फॉर्म हातात आला की मुलाला शेजारच्या बाकावर बसू द्या, पेन त्याच्याकडे द्या, उत्तर सुचवू नका. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तर कृपया या.