आधी पूर्ण नाव, मग इंजेक्शन

जळगाव जिल्ह्यातील आमच्या रुग्णालयाच्या महिला कक्षात आज शेजारशेजारच्या खाटांवर दोन पाटीलबाई होत्या, आणि खान्देशात यात नवल काहीच नाही. "तुम्ही पाटीलबाई ना?" असे विचारले की तापाच्या ग्लानीतला रुग्ण हो म्हणून मोकळा होतो; म्हणून नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला मी "तुमनं नाव काय शे?" असे अहिराणीतच विचारायला सांगितले आणि पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक केसपेपरशी ताडल्यावरच इंजेक्शन देऊ दिले. खाट क्रमांकावर विसंबणे मला मुळीच मान्य नाही, कारण खाटा बदलतात.

पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे शरीरातील पोटॅशियमची कमतरता भरून काढणारे औषध, याबाबत मी याहूनही आग्रही आहे. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यावे लागते, थेट शिरेत टोचल्यास हृदय बंद पडू शकते, आणि त्याचे ॲम्प्यूल (औषधाची छोटी बंद कुपी) इतर पारदर्शक औषधांसारखेच दिसते. आज आम्ही ती सर्व ॲम्प्यूल नेहमीच्या ट्रेमधून काढून, लाल चिठ्ठी लावून, कुलपाच्या वेगळ्या खणात ठेवली. रात्रपाळीला कक्षात एकच परिचारिका असताना दुसऱ्या नजरेची पडताळणी कोणी करायची, हा प्रश्न मी उद्या मेट्रनबाईंपुढे ठेवणार आहे.