आई गप्प गप्प असते, वयच झालंय ना?

‘आई हल्ली फारसं बोलत नाही. वयच झालंय, असं व्हायचंच ना?’ मुलं परगावी असलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: नाही. वयाने चाल मंदावते, नावं आठवायला वेळ लागतो. पण आवडीच्या गोष्टींवरून मन उडणं हे वयाचं लक्षण नव्हे. तो नैराश्याचा आजार असू शकतो, आणि तो बरा होतो.

ज्येष्ठ माणसं ‘उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतात. पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असं सांगतात. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडलेली नसते. असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे न्या. एक-दोन दिवसांतच बरळणं सुरू झालं, दिवस-रात्र कळेना, तर मात्र लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं असं काही असू शकतं. मग त्याच दिवशी दवाखाना.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12, सोडियम, साखर आधी तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 कमी झालेलं असू शकतं. कानही दाखवा. नीट ऐकू येत नाही म्हणून कितीतरी जण बोलणंच सोडतात.

नैराश्याची गोळी सुरू झाली की ‘काही फरक नाही’ म्हणत दहाव्या दिवशी ती बंद केली जाते. ही सगळ्यात मोठी चूक. फरक दिसायला 4 ते 6, कधी 8 आठवडे लागतात. नैराश्याच्या काही गोळ्यांनी या वयात सोडियम उतरतं. ते पुन्हा कधी तपासायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा. झोपेची गोळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून देऊ नका, रात्री उठताना तोल जाऊन खुबा मोडतो. आधीपासून चालू असेल तर एकदम थांबवूही नका.

फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं की ‘हो’ येतं आणि बोलणं संपतं. ‘आमटीत चिंच कधी घालू?’ विचारून पाहा. ‘डाळ शिजल्यावर गं, आधी घातलीस तर शिजायचीच नाही,’ असं उत्तर आलं की पुढचं आपसूक निघतं.

‘आता जगून काय करायचं’ म्हणाली तर ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. ‘हो’ म्हणाली तर एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं हाती लागणार नाहीत अशी ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.