दहा एलईडी आणि सासूबाईंचा रेडिओ

शनिवार, रात्री

गणपती तोंडावर आलेत आणि या वर्षी मखरामागचे पळते दिवे विकत आणायचे नाहीत, मी करणार, असं घरात जाहीर करून बसले आहे. जाहीर केलं की माघार घेता येत नाही, तेवढ्यासाठीच केलं. नवरा फक्त "बरं" म्हणाला. त्याच्या "बरं"मध्ये सगळं येतं.

सकाळी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाऊन आले. स्वारगेटहून मेट्रोचं एकच स्टेशन. मंडईला उतरायचं आणि बुधवार पेठेतून चालत सुटायचं. काउंटरपलीकडच्या दादांनी मान वर न करता "बोला ताई" म्हटलं. मी एका दमात यादी सांगितली: ५५५ एक, ४०१७ एक (या दोन आयसी, म्हणजे चिपा), दोन्हींचे बेस, झिरो पीसीबी (नुसत्या भोकांची कोरी पाटी), पिवळे एलईडी दहा, शंभर के प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर). तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. "मुलाचा प्रोजेक्ट का?" "नाही, माझा." यावर ते काही बोलले नाहीत, पण दोन एलईडी जास्तीचे टाकले. मुलगा घरी मोबाइलवर क्रिकेट बघत होता, हे मी सांगितलं नाही.

सर्किट जुनंच आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारं. ५५५ हा टायमर हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखला आणि सिग्नेटिक्स कंपनीने पुढच्या वर्षी बाजारात आणला. पन्नास वर्षं उलटली तरी गल्लीत तो अजून मूठमुठीने विकला जातो. आत पाच-पाच हजार ओहमचे तीन रेझिस्टर एका रांगेत आहेत, त्यामुळे सप्लायचे तीन सारखे भाग पडतात. बाहेर लावलेला कपॅसिटर, म्हणजे विजेची छोटीशी टाकी, दोन तृतीयांशापर्यंत भरतो, मग एक तृतीयांशापर्यंत रिकामा होतो, पुन्हा भरतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. तो ठोका ४०१७ला दिला की तो दहा पायांवर एकेक करून व्होल्टेज सरकवत नेतो. एका वेळी एकच एलईडी लागतो, म्हणून दहाही जणांत मिळून एकच रेझिस्टर पुरतो, हे मला भारी आवडलं. भिशीसारखंच, एका वेळी एकालाच मिळणार.

त्रास एवढाच की ४०१७चे पाय क्रमाने नाहीत. पहिला दिवा ३ नंबरच्या पायावर, मग २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. हे ज्याने ठरवलं त्याला आयसीच्या आतली जागा वाचवायची असणार. माझ्या झिरो पीसीबीच्या मागे मात्र वायरींचं जंजाळ झालंय.

खालच्या मजल्यावरचे काका नसते तर हे सगळं ब्रेडबोर्डवरच, म्हणजे न डाखता नुसतं खुपसून जोडायच्या पाटीवरच, राहिलं असतं. त्यांनी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. मला सोल्डरिंग, म्हणजे डाख द्यायला, शिकवायला लागले तेव्हा आठवडाभर बोर्डला हातच लावू दिला नाही. उघड्या तांब्याच्या तारेचे तुकडे दिले आणि म्हणाले, "आधी चौकोन कर. मग ठोकळा कर. मग तो हातात दाबून बघ." आठ कोपऱ्यांचा ठोकळा. एक कोपरा डाखायला जावं तर शेजारचा वितळून सुटतो. गंमत म्हणून करायला हरकत नाही, पण संयमाची परीक्षाच आहे.

"अगं, वायर कशाला तापवतेस? तांबं तापव, वायर आपोआप येते." हे त्यांचं पालुपद. आता हात बसल्यावर कळतं की सगळी विद्या या एका वाक्यात आहे. बिटचं (सोल्डरिंग आयर्नच्या तापणाऱ्या दांडीचं) टोक पॅडला (पाटीवरच्या भोकाभोवतीच्या तांब्याला) आणि पायाला, दोन्हींना एकदम टेकवायचं, मनात एक-दोन म्हणायचं, आणि सोल्डर वायर बिटला न लावता पलीकडच्या बाजूने पायाला लावायची. तांबं तापलेलं असलं की वायरचं टोक पटकन आत ओढल्यासारखं गायब होतं. चंदेरी थेंब क्षणभर फुगतो आणि लगेच खाली बसून पायाभोवती पसरतो. त्याची कड पॅडवर इतकी पातळ होत जाते की कुठे संपली ते दिसत नाही. आधी वायर काढायची, मग बिट. आणि मग हात हलवायचा नाही. माझ्याकडची वायर साठ-चाळीसची आहे, म्हणजे साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. ती १८३ अंशांना मऊ पडायला लागते आणि १९०च्या आसपास पूर्ण पातळ होते. थंड होतानाही या मधल्या पट्ट्यातून जाते, आणि तेवढ्या क्षणात पाय हलला की सांधा खडबडीत, फिका होतो. त्रेसष्ट-सदतीसची वायर एकाच तापमानाला गोठते, म्हणून ती नवशिक्यांना बरी. पुढच्या वेळी तीच आणीन.

लोक म्हणतात हात स्थिर हवा. मला नाही तसं वाटत. माझा हात चहाचा कप धरतानाही थरथरतो. स्थिर हातापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. तांब्यावर हवेने काळपट थर चढतो आणि त्या थराला डाख धरतच नाही. सोल्डर वायरच्या पोटात जो फ्लक्स असतो, त्याचं काम तेवढंच: तो थर खाऊन खालचा धातू उघडा करायचा. लहानपणी वाड्याच्या अंगणात कल्हईवाला यायचा. पितळेचं पातेलं तापवून तो आत नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवली की पातेलं आतून चांदीसारखं. नवसागर हा त्याचा फ्लक्स होता. काका बिटला कथील चढवून ठेवायला सांगतात ते याचंच छोटं रूप. चढवलं नाही तर दोन दिवसांत टोक काळं पडतं आणि उष्णता पुढे सरकतच नाही.

धुराबद्दल सासूबाईंना काळजी. "शिशाचा धूर नाकात जातो म्हणे." तो शिशाचा नसतो, शिसं उकळायला १७०० अंशांहून जास्त लागतात, माझं पंचवीस वॉटचं आयर्न तिथवर कुठलं जायला! धूर फ्लक्समधल्या रोझिनचा, म्हणजे चीड झाडाच्या डिंकापासून निघणाऱ्या पदार्थाचा. अर्थात तोही निरुपद्रवी नाही. रोज नाकात गेला तर दम्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून खिडकी उघडी आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा. शिसं जातं ते हाताने पोटात, त्यामुळे काम चालू असताना चहा-बिस्किटं बंद आणि उठल्यावर साबणाने हात. सासूबाईंना चहा बंदचा नियम धुरापेक्षा जास्त गंभीर वाटला.

त्यांचा रेडिओ हे या प्रकरणातलं खरं यश. विविध भारती लागल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही, आणि तो मध्येच बंद पडायचा, वायर हलवली की परत सुरू. दुकानात दाखवला तर "बोर्ड गेलाय, नवीन घ्या" असं उत्तर मिळालं. परवा मी उघडला. अडॅप्टरची पिन जिथे खुपसतात त्या सॉकेटच्या पायाभोवती, डाखाच्या मधोमध, केसाएवढी काळी रेघ गोल फिरलेली. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिल्यावरच दिसली. रोज काढ-घाल करून सांधा तडकला होता. काका अशाला "ड्राय सोल्डर" म्हणतात आणि त्यांच्या मते निम्मे टीव्ही त्यातच मोडीत निघाले. जुन्या डाखावर थोडी नवी वायर वितळवली, सगळं एकदा पातळ होऊ दिलं, आणि झालं. जुना डाख काढायचा असला तरी आधी नवा घालावा लागतो, हे मला आधी उलटं वाटायचं. नव्याबरोबर ताजा फ्लक्स जातो म्हणून जुना हलायला लागतो.

तर आज संध्याकाळी दिवे लागले. पहिल्याच फटक्यात नाही, ९ नंबरच्या पायाची वायर शेजारच्या पॅडला चिकटली होती, ती सोडवली. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि प्रीसेट पूर्ण वर ठेवला तर सेकंदाला साधारण सात पावलं. प्रीसेट उलट्या टोकाला नेला तर दहाही एकदम थरथरताना दिसतात. मुलगा मोबाइल ठेवून आला. त्याला थरथरणारे हवेत. नवऱ्याला मधलं काहीतरी.

सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस गं. पण देवाच्या डोक्यामागे एवढी पळापळ कशाला? जरा सावकाश कर की." पटलं मला. एकच्या जागी दहा मायक्रोफॅरडचा घातला की वेग दहा पटींनी कमी होईल, दीड सेकंदाला एक पाऊल. दहाचा घरात नाही, म्हणजे सोमवारी परत गल्ली. लावताना पांढरा पट्टा निगेटिव्हला, हे वहीवर लिहून ठेवलंय.