बुडणाऱ्या गळाला तरंगवताना

गळ पोलादाचा, तो बुडणारच. ड्राय फ्लाय, म्हणजे ट्राउट मासा पकडायची तरंगती नकली माशी, बांधायची तर पिसं, केस, धागा यांच्या जिवावर त्याला पाण्यावर तरंगत ठेवायचं, तेही वरून उतरलेला किडा वाटेल असं. मग ट्राउट वर येते. आली तर.

आमच्या मिशिगनमध्ये ‘ॲडम्स’ला फार मान. लेनर्ड हॅलाडे यांनी १९२२ साली ती इथेच बांधली. मस्करॅट नावाच्या, उंदरासारख्या पाणप्राण्याची राखाडी लव आणि कोंबड्याच्या मानेची पिसं, एवढाच ऐवज. पण चांगल्या पिसांचे भाव आता असे आहेत, की माणूस घरातल्या वस्तूंकडे वाकड्या नजरेने पाहायला लागतो.

माझी प्रयोगशाळा म्हणजे पाण्याचा पेला. वस्तू बोटाने खाली दाबायची आणि सोडायची. नायलॉन, पॉलिस्टर तळ गाठतात. पॉलीप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते वर येतं. भारतातून आलेल्या खोक्याची नारिंगी सुतळी अशीच टुणकन वर आली.

खरा शोध लागला तो आईने दिलेल्या उशीत. सावरीचा कापूस! तंतू आतून पोकळ, वरून मेणचट; पूर्वी लाइफ जॅकेटं यानेच भरायचे. चिमूटभर काढताना बायकोने पाहिलं. “उशी आहे ती, दुकान नाही,” म्हणाली. पण हा कापूस महा निसरडा. मेण लावलेल्या धाग्यावर अंगठा नि तर्जनीत धरून एकाच दिशेने पीळ द्यायचा, तर अर्धा हवेत, उरलेला नाकात. शेवटी त्यात थोडी सशाची लव मिसळली, तेव्हा कुठे १४ नंबरच्या गळावर शहाण्यासारखा बसला.

बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची पिसंही फार चालतात. ती तेलामुळे तरंगतात असं सगळे सांगतात. मला वाटतं, त्यापेक्षा जास्त काम त्यांच्या बारीक तंतूंत अडकलेली हवा करते. त्यांना तरंगण्याचं नेहमीचं मलम फासलं की तंतू चिकटतात आणि पीस कामातून जातं. फोम मात्र बुडता बुडत नाही. उन्हाळ्यात नाकतोडा करायला झकास, पण मेफ्लाय या नाजूक किड्याची माशी त्याची करू नये. पाण्यावर टपकन आपटते.

सुतळीचा मी माशीच्या पाठीवर तुरा केला. ट्राउटला त्याचं सोयरसुतक नाही. तिला खालून दिसतात ते मुख्यतः पाण्याच्या पापुद्र्यावर पायांनी पाडलेले खळगे. तुरा माझ्या डोळ्यांसाठी. नारिंगी रंग दुपारी छान दिसतो, पण तिरपं ऊन पाण्यावर चमकायला लागलं की हरवतो. तिथे काळा हवा. काळं पॉलीप्रॉपिलीन कुठे मिळेल ते शोधतोय. बायकोने प्रवासी बॅगांचे पट्टे आधीच कपाटात कुलूपबंद केलेत.